पात्याची एक रेघ

मित्रांनो, जिन्याखालच्या कोनाड्यात जाड कापडाखाली झाकलेले जे अवजड धूड तुम्हाला दिसते आहे, तो मी. मला मायक्रोटोम म्हणतात. नाव परके वाटले तरी माझे काम अगदी सरळ आहे. मी कापतो. शरीरातून काढलेला इवलासा तुकडा मेणात बसवतात, त्या मेणाची वडी माझ्या पुढ्यात घट्ट आवळतात आणि माझे चाक फिरवतात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला वडी खाली उतरते, पात्यावरून घसरते आणि एक पापुद्रा सुटतो. तुमच्या एका केसाच्या जाडीत असे पंधरा-वीस पापुद्रे सहज मावतील. तो पापुद्रा कोमट पाण्यावर पसरवतात, काचपट्टीवर उचलून घेतात, रंगवतात, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली शरीरातल्या पेशी दिसू लागतात. कोणती पेशी निरोगी आणि कोणती बिघडलेली, ते तिथे कळते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचे अंग, पितळी मळसूत्रे, आणि वडी धरणारा हात ज्यांवरून वरखाली होतो त्या दोन पोलादी पट्ट्या. त्या पट्ट्या एका वयस्क फिटरने तीन दिवस हाताने घासल्या. घासायचा, बोट फिरवून पाहायचा, मान हलवायचा आणि पुन्हा घासायला बसायचा. शेजारी काम करणारा कंटाळून म्हणाला, "अहो, आता काय आरसा करताय का त्याचा?"

फिटर म्हणाला, "उद्या हा कुणाच्या जिवाचा तुकडा कापेल, सांगता येतं का? तिथे अडखळला म्हणजे?"

लाकडी पेटीत बसून मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर आलो. लांबट खोली होती. एका बाजूला तीन खिडक्या, खिडक्यांतून दिसणारा रस्ता आणि रस्त्यापलीकडे रुग्णालय. मला खिडकीजवळच्या दगडी ओट्यावर बसवले आणि ज्यांच्या हाती सोपवले, त्यांना सारे पापुद्रेकाका म्हणत. ते त्या खोलीतले तंत्रज्ञ. शरीराने आडवेतिडवे, बोटे केळ्यांसारखी जाड. पण त्याच बोटांनी ते असा सलग, एकसारखा पापुद्रा काढायचे की शिकायला आलेले डॉक्टर श्वास रोखून बघत राहायचे. एखाद्या डॉक्टरने घाईघाईने चाक फिरवले की काका म्हणायचे, "डॉक्टर, कलिंगड नाही ते. सावकाश."

काकांचे तीन कायदे होते. माझ्या ओट्यावर चहाचा कप ठेवायचा नाही. काम झाले की माझ्या पायाला दोरीने बांधलेल्या वहीत काय कापले आणि पाते कसे होते ते लिहायचे. आणि काचपट्टीवर आधी पेन्सिलीने क्रमांक घालायचा, मगच तिच्यावर पापुद्रा उचलायचा. "कोऱ्या काचेवर काही घ्यायचं नाही," ते बजावायचे. "पापुद्रे सगळे भावंडांसारखे दिसतात. नंतर ओळखता येत नाहीत." रोज संध्याकाळी ते माझे पाते काढून ठेवायचे, मेणाचा कचरा मऊ ब्रशने झाडायचे आणि पट्ट्यांवर तेलाचे दोन थेंब सोडायचे.

मी आठ-नऊ वर्षांचा झालो असेन, तेव्हा त्या खोलीत एक नवी संशोधक आली. किडकिडीत बांधा, खांद्यावर फुगलेली पिशवी, पिशवीतून डोकावणारे मुलीचे रंगीत खडू. बाकीचे तिला मॅडम म्हणत, काका मात्र बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणतो. आमच्या इमारतीत मज्जातंतूंचा अभ्यास करणारे वरच्या मजल्यावर बसत आणि कर्करोगाचा अभ्यास करणारे खालच्या. दोघांचे जिन्यात नमस्कार व्हायचे, तेवढेच. बाईंचा प्रश्न नेमका दोघांच्या मधला होता. एकदा काका वडी घासत असताना त्यांनी विचारले, "काका, मेंदूत गाठ होते, तेव्हा मेंदू काही गप्प बसलेला नसतो. त्याचे निरोप या नसेतून त्या नसेत चालूच असतात. मग ती गाठ ते ऐकत असेल का हो?"

काका म्हणाले, "शेजारी राहायचं आणि ऐकायचं नाही, असं कुठे होतं का?"

बाई खळखळून हसल्या. पुढची चार वर्षे आम्ही तिघे त्याच प्रश्नामागे लागलो. मेंदूत गाठ झालेल्या उंदरांचे मेंदू वड्यांमध्ये यायचे. लहानसे जीव ते. प्रत्येक वडी लावताना काका क्षणभर थांबायचे. मी शेकडो वड्या कापल्या. गाठीच्या पेशी नसांच्या कडेकडेने, पाण्याच्या काठी झाडे वाढावीत तशा वाढतात, असे बाईंना दिसले. त्याचा त्यांनी शोधनिबंध लिहिला. तो छापून आला त्या दिवशी काकांनी माझे चाक पुसून लख्ख केले.

मग पुढचा प्रश्न आला. नसांचे निरोप मंद करणारे एक औषध होते. ते दिले तर गाठ उपाशी पडेल का? बाईंनी उंदरांचे दोन गट केले. एका गटाला औषध दिले, दुसऱ्याला दिले नाही. पहिल्या फेरीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. उंदीर फार थोडे आहेत म्हणून असेल, असे वाटून बाईंनी मोठी फेरी घेतली. त्या वड्या तयार झाल्या आणि नेमके काका रजेवर गेले. त्यांच्या लेकीचे पहिले बाळंतपण होते.

"बाई, मी आल्यावर कापू. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे."

"काका, तुम्ही आजोबा व्हायला जा निवांत. मी कापते ना!"

बाईंचा हात काही वाईट नव्हता. मंगळवारी त्यांनी औषध न दिलेल्या उंदरांच्या वड्या कापल्या. बुधवारी औषध दिलेल्यांच्या लावल्या, तेव्हा त्यांच्या चिमट्याचे टोक माझ्या पात्याला लागले. पात्याच्या धारेला अगदी बारीक दात पडला. नवी पाती कपाटात होती आणि कपाटाची किल्ली काकांच्या खिशात, लेकीच्या गावी. बाईंनी तसेच कापले. असा दात पडला की त्या पात्यावरून सुटणाऱ्या प्रत्येक पापुद्र्यावर त्याच जागी एक बारीक रेघ उमटते. त्याने काम अडत नाही. त्यांनी प्रामाणिकपणे वहीत लिहिलेही: "बुधवार. औषधाच्या वड्या. पात्याला उजवीकडे दात. रेघ येते."

एक मात्र केले नाही. काचपट्ट्यांवर आधी क्रमांक घातले नाहीत. दोन्ही दिवसांच्या पट्ट्या दोन लाकडी तबकांत वाळत ठेवल्या, दोन्हीवर एकदम लिहू म्हणून. बुधवारी दुपारी शाळेतून फोन आला. मुलीला ताप भरला होता. बाई हातातले तसेच टाकून धावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या, डोळे जागरणाने लाल, आणि आठवणीवर भिस्त ठेवून त्यांनी दोन्ही तबकांतल्या पट्ट्यांवर क्रमांक लिहिले. मित्रांनो, मी फक्त कापतो. कापलेल्याला नाव माणसे देतात. तबके माझ्या पाठीमागे होती. तिथे काय झाले ते मला दिसले नाही.

महिन्याभराने निकाल लागला आणि खोलीत आनंदीआनंद झाला. औषध घेतलेल्यांच्या गाठी चांगल्या निम्म्याने लहान होत्या! पहिल्या फेरीशी हे जुळत नव्हते, पण ज्याची वर्षानुवर्षे वाट पाहिली ते समोर आले की माणूस उलटून प्रश्न विचारत नाही. दुसरा शोधनिबंध छापला गेला. वर्तमानपत्रांत बाईंचा फोटो आला. विभागप्रमुख, ज्यांना सगळे साहेब म्हणत, ते पाहुण्यांना घेऊन खोलीत येऊ लागले. निबंधातले एक छायाचित्र मोठे करून माझ्या वरच्या भिंतीवर लावले. खाली लिहिले होते, 'औषध न दिलेल्या उंदराच्या मेंदूतली गाठ.' पाहुणे आधी ते चित्र बघत, मग मला. "हेच का ते यंत्र?" असे विचारत. मला त्या दिवसांत थोडा गर्व झाला होता, हे मी लपवत नाही.

वर्षभरात रस्त्यापलीकडच्या रुग्णालयाने ठरवले, की हे औषध मेंदूत गाठ असलेल्या काही रुग्णांना देऊन पाहायचे. बाकीचे उपाय थकले होते असे ते रुग्ण. त्यांतले एक निवृत्त बसचालक एक दिवस आपल्या लेकीचा हात धरून आमच्या खोलीत आले. लेक शिवणकाम करायची. गळ्यात मापाची फीत तशीच राहिली होती. बसचालकांचे एक पाऊल ओढत पडत होते, पण जिभेला काही झाले नव्हते.

"मॅडम, बाबांनी हट्टच धरला," लेक म्हणाली. "औषध कुठे तयार झालं ते बघायचंय म्हणाले."

"गाडी ताब्यात घ्यायच्या आधी मी डेपोत जाऊन तिच्याभोवती एक चक्कर मारायचो," बसचालक म्हणाले. "सवय हो."

त्यांनी माझ्या चाकावर हात ठेवला. बाईंनी मान डोलावली तेव्हा त्यांनी ते एकदा फिरवले. "हलकं आहे," ते म्हणाले. "कुणीतरी नीट ठेवलंय." काका कोपऱ्यात उभे होते. ते खाली बघून हसले.

आता काकांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. बाळंतपणाहून ते परतले, तेव्हापासून त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. कापताना ते बोटांच्या अंदाजाने कापायचे आणि कुणाला कळू द्यायचे नाहीत. शेवटी बाईंनीच त्यांना पकडून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. एकामागून एक दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. बऱ्याच दिवसांनी काका कामावर आले ते लहान मुलासारखे. दिसेल ते मोठ्याने वाचत सुटले.

"'आग लागल्यास लिफ्टचा वापर करू नये.' बाई, हे इथे लिहिलंय होय! लागली असती तर मी नेमका लिफ्टमध्ये सापडलो असतो."

बाई हसत हसत बाहेर गेल्या. काकांचे कॅलेंडर वाचून झाले, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून झाल्या, आणि मग माझ्यासमोर येऊन त्यांनी भिंतीवरच्या चित्राकडे पाहिले. पाहतच राहिले. उजवीकडे, गाठीच्या कडेवरून, वरपासून खालपर्यंत एक बारीक सरळ रेघ गेली होती.

त्यांनी माझ्या पायाशी बांधलेली वही उचलली. मागची पाने उलटत गेले. बुधवारच्या त्या ओळीवर बोट ठेवून ते उभे राहिले. औषधाच्या वड्या. रेघ येते. आणि वर भिंतीवर, रेघ असलेल्या चित्राखाली, 'औषध न दिलेल्या.'

काका माझ्याजवळच्या स्टुलावर बसले. त्या दिवशी त्यांनी काहीच कापले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाईंना त्यांनी हातचे काम शिकवले होते, बाईंच्या मुलीला कागदाची होडी करायला शिकवली होती. ते निवृत्त व्हायला सात महिने उरले होते, आणि रुग्णालयात औषध सुरू व्हायला तीन आठवडे. तिसऱ्या दिवशी सकाळी बाई पर्स ठेवत होत्या, तेव्हा ते म्हणाले, "बाई, जरा बसा. माझ्या मनात एक शंका आहे. खोटी ठरली तर मी तुमचे पाय धरीन."

बाईंनी ऐकले. मग त्या चिडल्या. मी त्यांना इतक्या वर्षांत काकांवर चिडलेले पाहिले नव्हते.

"रेघ आहे, काका! कुठल्याही पात्याची असेल. मंगळवारीही पडली असेल, मी लिहायला विसरले असेन. एवढ्यावरून तुम्ही... तीन आठवडे राहिलेत, काका!"

"म्हणून तर बोललो."

काकांनी कपाटाकडे पाहिले. मग काका हळूच म्हणाले, "वड्या आहेत ना आपल्याकडे. वड्यांवर तुम्ही आधीच लिहिलं होतं. पुन्हा कापून बघू. तासाभराचं काम."

कपाटातून दोन्ही गटांच्या वड्या निघाल्या. काकांनी नवे पाते लावले. मित्रांनो, मी आयुष्यात हजारो वड्या कापल्या, पण त्या सकाळी माझ्या पट्ट्यांवरून तो हात खाली येत होता, तेव्हा आपण अडखळावे असे मला प्रथमच वाटले. मी अडखळलो नाही. तसे करायला मला घडवलेले नव्हते. काकांनी काचपट्टीवर आधी क्रमांक लिहिला, मग पापुद्रा उचलला. बाईंनी स्वतः रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एक पट्टी. दुसरी. आठवी. बाराव्या पट्टीनंतर त्यांनी डोळा काढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"उलटं आहे," त्या म्हणाल्या. "औषध घेतलेल्यांच्याच गाठी मोठ्या आहेत. काका, औषधाने गाठ वाढलीय."

काकांनी त्यांना पाणी दिले. त्या प्यायल्या नाहीत.

साहेब आले. दार लावून घेतले. साहेब वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. "हे बघा, सगळा प्रयोग पुन्हा करा," ते म्हणाले. "सहा महिने लागतील, लागू देत. निकाल पक्का झाला की मग काय ते जाहीर करू. तोवर याची वाच्यता नको. संस्थेचं नाव आहे, तुमचं नाव आहे."

"आणि पलीकडे औषध सुरू होईल त्याचं काय?"

"काहीतरी कारण काढून लांबवता येईल. तांत्रिक अडचण म्हणू."

"साहेब, तांत्रिक अडचण मी आहे," बाई म्हणाल्या. "पट्ट्यांवरचे क्रमांक मी उलटे लिहिले. हे मीच सांगणार, आणि आजच सांगणार."

माझ्याच ओट्याच्या कडेला बसून त्यांनी तीन पत्रे लिहिली. एक रुग्णालयाला, एक शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाला, एक साहेबांना. नियतकालिकाला लिहिलेले पत्र त्यांनी काकांना वाचून दाखवले. त्यात त्यांनी 'आमच्याकडून' असे लिहिले होते. ते खोडून 'माझ्याकडून' केले. निबंध मागे घ्यावा, अशी विनंती केली. दुपारी त्या स्वतः रस्ता ओलांडून रुग्णालयात गेल्या.

दोन दिवसांनी बसचालकांची लेक आली. या वेळी एकटीच. बाईंनी तिला खुर्ची दिली आणि समोर बसून, एकही अवघड शब्द न वापरता सगळे सांगितले. लेक ऐकत होती, गळ्यातली फीत बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत.

"म्हणजे औषध नाही."

"नाही. दिलं असतं तर बाबांना अपाय झाला असता."

"तुमचा पेपर मी लॅमिनेट करून घेतलाय, मॅडम. बाबांच्या उशाशी आहे तो." फीत तिच्या बोटाला तशीच गुंडाळलेली राहिली. "आता मी घरी जाऊन काय सांगू? तुमच्या हातून काचा बदलल्या, हे सांगू?"

"हो. तेच सांगा. किंवा मी येते आणि सांगते."

"नको," ती म्हणाली आणि उठून गेली. दार तिने आपटले नाही. आपटले असते तर बरे वाटले असते, असे बाई नंतर काकांना म्हणाल्या.

तरी रविवारी बाई त्यांच्या घरी गेल्या. तिथे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. परत आल्यावर त्या काकांना एवढेच म्हणाल्या, "बसा म्हणाले. चहा दिला. ओरडले असते तर सोपं होतं."

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. भिंतीवरचे चित्र उतरले. तिथे चार खिळे आणि एक पांढरट चौकोन राहिला. पाहुणे यायचे थांबले. बाईंच्या हाताखाली शिकणारे दोघे दुसऱ्या खोलीत गेले. अर्धी खोली दुसऱ्या विभागाला देण्यात आली आणि मला खिडकीपासून उचलून नळाजवळच्या अंधाऱ्या बाजूला ठेवले. तिथे माझ्या पायाला पहिल्यांदा गंज चढला. वर्तमानपत्रांत पुन्हा बाईंचा फोटो आला, तोच, जुना; मथळा तेवढा वेगळा. जिन्यात त्यांना पाहून लोक बोलता बोलता गप्प होत. त्या रोज यायच्या, वेळेवर यायच्या, आणि पुष्कळदा नुसत्या बसून राहायच्या.

एका सकाळी काका त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "बाई, माझे पाच महिने उरलेत. मी काय हे यंत्र पुसत बसू?"

"काय कापणार, काका? कोण विश्वास ठेवणार आता?"

"ते ठेवतील न ठेवतील. औषधाने गाठ वाढली, हे तर खरं आहे ना? मग ती का वाढली? तुम्हाला नाही जाणून घ्यायचं?"

बाई खुर्चीतून उठल्या. मग त्यांनी पेन्सिलीला टोक काढले.

आम्ही पुन्हा कामाला लागलो. या वेळी प्रत्येक पट्टी दोघांनी तपासली. एकाने क्रमांक वाचायचा, दुसऱ्याने ताडून पाहायचा. काम इतके सावकाश चालले, की खालच्या मजल्यावरचे थट्टा करू लागले. हळूहळू चित्र उमटू लागले. निरोप मंद झाले की गाठीच्या पेशी उपाशी पडत नव्हत्या. त्या आणखी नसा शोधत पसरत होत्या, भुकेले माणूस घराबाहेर पडावे तशा. पण हे उंदरांत दिसत होते. माणसात असेच होते का, ते कोण सांगणार?

काकांच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले असताना बसचालकांची लेक पुन्हा आली. बाई उभ्या राहिल्या. लेकीच्या चेहऱ्यावरचा थकवा पाहून काही विचारायची गरज उरली नाही.

"बाबा गेले, परवा," ती म्हणाली. "त्यांनी आधीच लिहून दिलं होतं. डोक्यातली ती गाठ तुम्हाला द्यायची. रुग्णालयातून येईल तुमच्याकडे, मी सह्या केल्यात."

बाईंनी हातातली काचपट्टी खाली ठेवली.

"मी नको म्हणत होते," लेक पुढे म्हणाली. "भांडले त्यांच्याशी. मॅडमचीच तर चूक झाली ना, म्हटलं. तर म्हणाले, माझ्या गाडीचा ब्रेक नीट लागत नाही, हे मला सांगायला डेपोतला मेकॅनिक घरी आला असता, तर मी पुढच्या वेळी गाडी त्याच्याकडेच दिली असती." ती थोडी हसली आणि मग हसता हसता रडू लागली. काकांनी तिला स्टूल दिले. बाई तिच्याजवळ जमिनीवरच बसल्या आणि तिचा हात धरून राहिल्या.

ती वडी काकांनी कापली. त्यांच्या नोकरीतली ती शेवटची मोठी वडी. बाई शेजारी उभ्या राहून क्रमांक वाचत होत्या आणि काका "बरोबर" म्हणत होते. त्या पापुद्र्यांवर एकही रेघ नव्हती. उंदरांत जे दिसले होते, तसेच काहीसे तिथे दिसले, आणि काही अगदी वेगळेही दिसले. दोन्ही बाईंनी लिहून ठेवले.

तिसरा शोधनिबंध छापून यायला आणखी दोन वर्षे लागली. त्याच्या पहिल्याच परिच्छेदात आधीचा निबंध का मागे घेतला ते लिहिले होते. त्याची बातमी कुठे आली नाही, चित्र कुणी भिंतीवर लावले नाही. पण दूरदूरच्या प्रयोगशाळांतून पत्रे येऊ लागली. आम्हालाही असेच दिसते आहे, अशी. ते औषध कोणत्या रुग्णांना देऊ नये, हे ठरवताना त्या निबंधाचा आधार घेतला गेला. किती जणांचा त्रास त्यामुळे टळला, ते मोजता येत नाही. न झालेल्या अपायाची नोंद कोण ठेवणार?

काका निवृत्त झाले. जाताना माझे चाक धरून थोडा वेळ उभे राहिले, आणि "याला कोरडं ठेवा," एवढेच नव्या तंत्रज्ञाला सांगून गेले. पुढे विजेवर चालणारे नवे यंत्र आले. ते देखणे आहे, हुशार आहे. माझा त्याच्यावर राग नाही. मी इथे जिन्याखाली आलो. वरून माणसे जातात, येतात. काही वर्षे तर मी इथे आहे, हे कुणाच्या गावीही नव्हते.

परवा मात्र एक गोष्ट घडली. बाई आता पांढऱ्या केसांच्या झाल्या आहेत. त्यांच्या निवृत्तीनिमित्त संस्था एक पुस्तिका काढते आहे. त्यांच्या सगळ्या प्रकाशित कामाची यादी त्यात येणार आहे. कार्यालयातला कारकून ती यादी घेऊन बाईंना इथे जिन्यापाशीच भेटला.

"मॅडम, एकदा नजर टाका. तो मागे घेतलेला मी गाळलाय. म्हटलं, सत्काराच्या पुस्तकात कशाला? यादी छान दिसते आता."

बाईंनी यादी वाचली. "हा इथे येतो," त्या म्हणाल्या आणि दोन ओळींच्या मध्ये बोट ठेवले. "सालाप्रमाणे. पुढे लिहा, 'मागे घेतला'."

"पण मॅडम, लोक काय म्हणतील?"

"तो काढलात, तर याच्यानंतरचा मी का लिहिला ते कुणाला कळणार? लिहा. माझंच काम आहे ते."

कारकुनाला कागद ठेवायला जागा हवी होती. त्याने तो माझ्या झाकलेल्या डोक्यावर ठेवला. पेनचे टोक कापडातून मला टोचत होते. त्याने निबंधाचे पूर्ण नाव लिहिले, पुढे ते दोन शब्द लिहिले, आणि बाईंनी ते पुन्हा एकदा वाचून पाहिले.

मित्रांनो, माझे सांगणे एवढेच. जुन्या यंत्राला फार काही लागत नाही. कोरडे फडके, तेलाचे दोन थेंब आणि अधूनमधून एखादा फेरा. तेवढे कुणी केले तर मी अजूनही कापू शकेन. आणि तुम्ही आपापल्या वह्या जपा. एखादे पान चुकले तर ते फाडून टाकू नका. त्यावर काट मारा, का मारली ते कडेला लिहा, आणि मग पुढच्या पानावर नव्याने सुरुवात करा.